नेमकं काय करतेस?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक मैत्रिणीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. तिचं वय २९. नाट्यशास्त्रात एम. ए. केलंय. जवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, रविवारी लहान मुलांचा नाट्यवर्ग घेते. गावात अकरा जणांची हौशी संस्था आहे, तिथं लिहिते, बसवते आणि कामही करते. राज्य नाट्य स्पर्धेत केंद्रावर अभिनयाचं पदक मिळालेलं आहे. आता एका मालिकेत नायिकेच्या घरी काम करणाऱ्या बाईची भूमिका चालून आली आहे. ‘ग्रामीण बाज हवा आहे, आठ दिवसांत मुंबईला या,’ असा निरोप आहे. इकडे यंदाच्या स्पर्धेचं नाटक निम्मं बसलंय. लेखन तिचं, दिग्दर्शन तिचं, मुख्य भूमिकाही तिचीच. आई म्हणते, कुठलं तरी एक धर. एक ज्येष्ठ रंगकर्मी म्हणाले, दिग्दर्शन करतेस हे मुंबईत सांगू नकोस, कुणी काम देणार नाही. मध्यंतरी स्थळ घेऊन आलेल्या मंडळींनी विचारलं, मुलगी नेमकं काय करते? त्यावर घरात कुणालाच एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न असा: ‘मला सगळंच बऱ्यापैकी जमतं. पण हे एक ना धड भाराभर चिंध्या असं तर होत नाहीये ना? एकच निवडायचं तर काय निवडू? आणि जाऊ की राहू?’

तुला सरळ ‘तू’ म्हणते. आमच्याकडं धाकट्या बहिणीला अहो-जाहो केलं तर ती घाबरते, आपलं काही चुकलं का म्हणून.

आधी त्या स्थळाकडच्या मंडळींचं बघू. ‘नेमकं काय करते’ याचा त्यांच्या भाषेतला अर्थ एवढाच की महिन्याला किती येतात आणि ते कोण देतं. आईच्या ‘एक धर’चा अर्थ वेगळा आहे. ती रात्री अकराला तुझ्यासाठी ताट झाकून बसते आणि सकाळी साडेसहाला तुला पुन्हा निघताना बघते. पोरीची दमछाक तिला दिसते. त्या ज्येष्ठांनी तर तुला बाजाराची युक्ती सांगितली, दुकानात कुठला माल पुढं मांडायचा त्याची. ही तीन माणसं आणि त्यांचे तीन वेगळे प्रश्न. तू ते एकाच पिशवीत भरलेस आणि त्यावर चिठ्ठी लावलीस, ‘माझी कला विखुरली आहे.’ पत्र पुन्हा काढून वाच. असं त्यांच्यापैकी कुणीही म्हटलेलं नाही. ते तू म्हणते आहेस.

सुताराला कुणी विचारत नाही, बाबा, तू नेमका रंधा मारतोस की पटाशी चालवतोस? दार झालं का, एवढंच बघतात. नाटकवाल्याच्या बाबतीत हे खातं वेगळं करायची खोड आपल्याला मोठ्या शहरांनी लावली. तिथं माणसं पुष्कळ, म्हणून कामं वाटली गेली. आपल्याकडं भारूड करणारा स्वतः गातो, नाचतो, सोंग घेतो, मध्येच थांबून समोर बसलेल्या सरपंचाला चिमटा काढतो आणि पुन्हा अभंगावर येतो. पैठणच्या नाथांनी रचलेली भारुडं चारशेहून जास्त वर्षं अशाच माणसांच्या अंगावर टिकली. त्यातला लेखक कोणता आणि नट कोणता, हे वेगळं काढून दाखव बरं.

आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. लक्ष्मण देशपांडे आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवायचे, विभागप्रमुखही होते. त्याच माणसानं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लिहिलं, बसवलं आणि त्यातली ५२ पात्रं एकट्यानं उभी केली. विंगेत जाऊन लुगडं बदलायची सोय नाही. मान इकडं वळली की बाई, तिकडं वळली की तिचा नवरा. २००९ साली ते गेले आणि पुढं ते नाटक माजलगावच्या संदीप पाठकनं उचललं. तोही सिनेमा, मालिका, नाटक असं सगळं करणारा गडी. देशपांडे सरांनी कुणाला कधी खुलासा दिला असेल का, की मी मुळात प्राध्यापक आहे की नट? मला नाही वाटत.

वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे. १९८७ साली त्यांनी ‘झुलवा’ बसवलं आणि २०१३ ते २०१८ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ते संचालक होते. बसवणारा आणि शिकवणारा, दोन्ही एकाच अंगात. चंद्रकांत कुलकर्णींना आपण दिग्दर्शक म्हणतो, पण १९९५च्या ‘बनगरवाडी’ सिनेमातला मास्तर तेच होते, आठव. नंदू माधव पडद्यावर दादासाहेब फाळके झाले आणि २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ त्यांनी दिग्दर्शित केलं. ते लिहिलं जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी, आणि त्यातली बरीच नटमंडळी जालन्याकडच्या गावांतली, शेती करणारी होती. सकाळी कापसाला पाणी, रात्री मुंबईकडं जाणारी गाडी. एवढं सगळं करणारी माणसं आपल्याच मातीत आहेत, तेव्हा ‘भाराभर चिंध्या’ ही म्हण तू स्वतःपुरती तरी मागं घे.

आता जरा बोचेल असं सांगते.

तुझ्या पत्रात एक शब्द तीनदा आलाय: बऱ्यापैकी. ‘अभिनय बऱ्यापैकी जमतो’, ‘लिहिणं बऱ्यापैकी होतं’ आणि शेवटी ‘सगळंच बऱ्यापैकी’. वर मी ज्यांची नावं घेतली, त्यांना सगळं बऱ्यापैकी जमत होतं म्हणून ती मोठी झाली नाहीत. त्यांचं निदान एकेक अंग तरी इतकं पक्कं होतं की बाकीची अंगं त्याच्या आधारानं उभी राहिली. देशपांडे सरांचा कान बघ. बोलीतला बारीकसा हेल त्या कानातून सुटायचा नाही. लेखन, अभिनय, सादरीकरण हे सगळं त्या एका कानावर उभं होतं. तुझं तसं अंग कोणतं, हे चार पानांत कुठंही नाही. पदक अभिनयाचं आहे, पण पत्रात तू रंगून लिहिलंयस ते चौथीतल्या पोराबद्दल. तो वर्गात बोलतच नव्हता, तू त्याला नाटकात झाडाची भूमिका दिलीस आणि तिसऱ्या रविवारी झाड बोलायला लागलं. ते अर्धं पान मी घरच्यांना वाचून दाखवलं. मालिकेबद्दलच्या दोन पानांत तसं एकही वाक्य नाही. यावरून मी काही निकाल देत नाही, तूही घाईनं देऊ नकोस. फक्त हे तुझ्या लक्षात आलं होतं का, एवढंच विचारते.

अजून एक. तालुक्याच्या गावात आपल्यापेक्षा बरं करणारं माणूस समोर नसतं. त्यामुळं आपण किती पाण्यात आहोत हे कळायला मार्ग नसतो. आणि सगळं येत असलं की एक पळवाटही मिळते. संहिता दुसऱ्या अंकात अडली की आपण म्हणतो, चला, तालीम लावू. तालमीत नट ऐकेनात की म्हणतो, मी मूळची लेखिका. मी हे पंधरा वर्षं केलंय, म्हणून ओळखते. माझ्याकडं सात अर्धी नाटकं पडून आहेत, त्यातलं एकही वाईट नाही आणि एकही पूर्ण नाही. तुझी पूर्ण झालेली किती, ते मोज. दोन-तीन तरी असतील तर या बाबतीत तू माझ्या पुढं आहेस.

आता स्वयंपाकघरात जा आणि गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढ. आईनं दुधाचे खाडे मांडायला जपून ठेवलेलं असेल. चार रंगांची पेनं घे. ज्या दिवशी लिहिलंस त्या चौकोनात एक रंग, ज्या दिवशी स्वतः नट म्हणून उभी राहिलीस त्याला दुसरा, शिकवलंस त्याला तिसरा. चौथा रंग राहिलेल्या भानगडींना: शाळेच्या हॉलची किल्ली मागायला मुख्याध्यापकांच्या मागं फिरणं, टेम्पोवाल्याशी घासाघीस, बॅनर, परवानगीचे अर्ज, लाईटवाल्याची मनधरणी, मुलीला रात्री सोडायला तिच्या वडिलांची समजूत. जिथं पैसे मिळाले त्या चौकोनात कोपऱ्यात आकडा लिही. अर्धा दिवस जाईल. तुझ्या पत्रावरून माझा अंदाज आहे की चौथा रंग सगळ्यात जास्त निघेल आणि त्याच्या कोपऱ्यात एकही आकडा नसेल.

म्हणजे तू अभिनय, लेखन, दिग्दर्शन यांत विखुरलेली नाहीस. नाटक उभं करण्याच्या उस्तवारीत तू गाडली गेली आहेस. ती उस्तवार हीसुद्धा एक विद्या आहे. मुंबईत तिला सूत्रधार, व्यवस्थापक अशी नावं आहेत आणि त्या नावांना नाईटप्रमाणे, म्हणजे प्रयोगामागं, पैसे मिळतात. आपल्याकडं ते काम करणाऱ्या बाईला ‘लई धडपडी हाय पोरगी’ म्हणतात आणि चहाचं बिलही तिच्याच नावावर मांडतात. तेव्हा कोणती कला निवडू, हा प्रश्न जरा बाजूला ठेव. तुझे दिवस कुणाच्या वेळापत्रकावर चालतात आणि त्यातले किती तू स्वतःहून दिलेत, हे त्या कालनिर्णयावर दिसेल. जावं की राहावं, हे ते बघून ठरव.

आता मालिका.

‘मुंबईला या’ म्हणजे कुठं, हे विचारलंस का? गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, हे सगळं मुंबईच म्हणवतं. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलीस तरी खरा प्रवास पुढंच आहे. आधी ठिकाण, मग खोली. खोलीआधी डिपॉझिट.

मी संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, एका कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि संध्याकाळी सात ते दहा तालमी. बरीच वर्षं झाली, मलाही असाच निरोप आला होता. शेजारणीची भूमिका. बिनपगारी रजा टाकून गेले. एकोणीस दिवस काम झालं आणि विसाव्या दिवशी लेखकानं शेजाऱ्यांना गावाला पाठवलं. ते कुटुंब अजून गावालाच आहे. पैसे सातव्या महिन्यात आले, तेही दोन हप्त्यांत, कारण माझ्याकडं कागद नव्हता. चूक त्यांची होतीच. पण मी कागद मागितला नव्हता, आणि का, तर इतक्या मोठ्या माणसांकडं कागद मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. हा आपल्याकडचा संकोच फार महाग पडतो बघ.

म्हणून फोन करून हे विचार, आणि उत्तर ईमेलवर नाहीतर निदान व्हॉट्सॲपवर लेखी घे. महिन्याला किमान किती दिवस काम नक्की? रोजचे किती? शिफ्ट किती तासांची, आणि वर गेली तर काय? राहण्या-जाण्याचा खर्च कुणाचा? करारात दुसरीकडं काम करायला बंदी आहे का, आणि त्या बंदीत नाटक येतं का? मला सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि त्यांना मला काढायचं झालं तर? हे शेवटचं विचारायला लाज वाटेल. तरी विचार. किमान दिवसांची हमी नसेल तर पंचवीस दिवस मुंबईत बसून चार दिवसांचे पैसे, असंही होतं.

पैसे कधी मिळतात हे तर पहिल्याच फोनवर विचार. मालिकांच्या धंद्यात काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेरीला लागलं, तर पैसा चौथा महिना संपताना हातात येतो. म्हणजे चार महिन्यांचं भाडं, डबा, लोकल आणि आजारपण आधी गाठीला हवं. ते नसेल तर भूमिका कितीही चांगली असो, दुसऱ्याच महिन्यात तू दादाला फोन करशील आणि दादा म्हणेल, सांगितलं नव्हतं का? मानधनातून टीडीएस कापला जातो. वर्षाचं उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. पॅन कार्ड आणि बँकेचं खातं स्वतःच्या नावाचं ठेव, संस्थेच्या नाही. आणि काम मिळवून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, नोंदणीचे म्हणा, फोटोंचे म्हणा, तर तो फोन तिथंच ठेव. काम झाल्यावर कोऑर्डिनेटर आपला टक्का घेतो, ते वेगळं. तो टक्का किती, हेही आधी ठरवून घे.

तुला खुपतंय ते ‘कामवाली बाई’ आणि ‘ग्रामीण बाज’. मलाही खुपतं. या मालिकांमधली गावाकडची भाषा कुठल्याच गावाची नसते. थोडी कोल्हापूरची, थोडी नागपूरची, वर चार वेळा ‘आवं’ आणि दोन वेळा ‘म्या’. तुझ्या गल्लीतली बाई ‘काय करायलीस?’ म्हणते आणि त्यातला ‘य’ अर्धा गिळते. तो गिळलेला ‘य’ लिहून देता येत नाही, तो फक्त तुझ्या तोंडात आहे. लुक टेस्टला गेलीस तर त्यांनी दिलेलं वाक्य एकदा त्यांच्यासारखं म्हण आणि एकदा परभणीसारखं. बऱ्याचदा दिग्दर्शकाला दुसरं आवडतं, कारण ते त्याला कुणी ऐकवलेलंच नसतं. नाही आवडलं तर नाही. पण म्हणून भूमिकाच हलकी, असं मात्र मानू नकोस. भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडी चार वाक्यं असली तरी तिला हात असतात, पाठ असते आणि घरातल्या सगळ्या खोल्यांत जायची मुभा असते. तू दिग्दर्शिका आहेस, तुला हे मी काय सांगू.

म्हणूनच त्या ज्येष्ठांचा सल्ला मी निम्माच मानते. कास्टिंगवाल्याला आठ ओळींत अभिनयाची माहिती, तीन फोटो आणि दोन मिनिटांची स्वच्छ सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच काढलेला अभिनयाचा व्हिडिओ, पाठव. खिडकीकडं तोंड कर, मागं रिकामी भिंत ठेव, पंखा बंद कर. तिथं दिग्दर्शनाची यादी नको, कारण त्याला ती वाचायला वेळ नाही. पण उद्या मुलांच्या शिबिरासाठी अर्ज करशील तेव्हा वेगळा कागद कर, त्यात वर्ग आणि बसवलेली नाटकं वर, मालिका खाली. याला लपवाछपवी म्हणत नाहीत. आपण लग्नाला एक साडी नेसतो आणि तालमीला पंजाबी ड्रेस घालतो, तसंच हे.

आता तुझी अकरा माणसं. तू लिहिलंस, ‘मी गेले तर संस्था बंद पडेल.’ खरं असेल. पण तुझ्या एकटीच्या जाण्यानं जी संस्था बंद पडते, ती तू काय बांधलीस, हा प्रश्न उरतोच. ‘जिगिषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी इथूनच, औरंगाबादहून, मुंबईला गेली ना? चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांचे सोबती टोळीनं गेले, लिहिणारे, बसवणारे, काम करणारे असे सगळे. १९९१चं ‘चारचौघी’ दळवींनी लिहिलं, कुलकर्णींनी बसवलं. त्यात प्रतीक्षा लोणकर होत्या आणि पुढं दूरदर्शनच्या ‘दामिनी’नं त्या घराघरांत गेल्या. ते नाटक २०२२ साली नव्या संचात पुन्हा उभं राहिलं. त्यांचं जमलं यात हुशारी होतीच, पण एकानं संहिता लिहिताना दुसऱ्याला टेम्पो शोधावा लागला नाही, हेही होतं. तू एकटीनं अकरा जणांची कामं करतेस आणि बाकीचे दहा जण तुझ्या तोंडाकडं बघतात. तुझ्या पत्रात त्या दहांपैकी एकाचंच वर्णन आहे, तो प्रकाशयोजना करणारा मुलगा, ‘माझ्या आधी त्याला कळतं नट कुठं चुकतोय’. मग तालीम त्याच्याकडं दे की!

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते, पटलं तर घे. मी मालिकेला हो म्हटलं असतं, पण दोन अटींवर: किमान दिवसांची हमी आणि स्पर्धेच्या केंद्रावरच्या प्रयोगासाठी चार दिवस, दोन्ही लेखी. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर असते, तारीख अजून लागलेली नसेल, म्हणून ‘तारीख कळल्यापासून आठ दिवसांत कळवीन’ असं वाक्य घालून घे. नाटकातली मुख्य भूमिका ठेव, दिग्दर्शन त्या मुलाला दे. संहिता तुझीच आहे, ती कुठं जात नाही. चार दिवस द्यायला ते तयार नसतील तर मी नाही म्हटलं असतं आणि रडलेही असते, दोन्ही. महाविद्यालयातल्या तासिका सोडताना मात्र राजीनाम्याची घाई नको. सत्र संपेपर्यंत बदली माणूस देता येतो का, हे प्राचार्यांना समक्ष भेटून विचार. तासिकेचे पैसेही उशिरा येतात, हे तुला सांगायला नको. थकलेलं मानधन किती आणि कुठल्या महिन्यांचं, तेवढं एका कागदावर लिहून त्यावर पोच घे.

मालिका हुकली तरी दोन दारं आहेत, त्यातलं एक लवकर बंद होणारं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि निदान सहा नाटकांचा अनुभव लागतो, वयाची मर्यादा तीस आहे. तू २९ची आहेस. यंदाची जाहिरात काढून वयाची तारीख कोणत्या दिवशी मोजतात ते आजच बघ. ‘बऱ्यापैकी’चं उत्तर तिथं पहिल्याच चाचणीत मिळेल, प्रवेश मिळो न मिळो. दुसरं दार केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ पाठ्यवृत्ती. वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी विषय मांडावा लागतो. तुझ्याकडं तो आहे: न बोलणारी मुलं आणि नाटक. झाडाची गोष्ट अर्जात पहिल्या परिच्छेदात घाल.

हे पत्र वाचून औशाच्या, कंधारच्या, अंबडच्या कुणाला वाटेल की आपल्याला तर मालिकेचा निरोपही आलेला नाही. कालनिर्णय तुमच्याकडंही असेलच. रंग भरा. आणि आपल्या गावातल्या बँकेत, शाळेत, एसटीत नोकरी करून तीस-तीस वर्षं नाटक करणाऱ्या माणसांना एकदा भेटा. त्यांना ‘हौशी’ म्हणतात, पण त्यांच्याइतका वेळेचा हिशेब ठेवणारं माणूस मी धंदेवाईक रंगभूमीवरही फारसं पाहिलं नाही.

स्थळाचं राहिलं. पुढच्या वेळी कुणी विचारलं, मुलगी नेमकं काय करते, तर आईला शिकवून ठेव: ‘नाटक करते आणि शिकवते.’ किती मिळतात असं विचारलं तर खरा आकडा सांगा, कमी असला तरी. मग त्यांनाही विचारा, मुलगा नेमकं काय करतो.

आणि जायचं ठरलं तर निघायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या ट्रंकेची किल्ली त्या प्रकाशवाल्या मुलाच्या हातात दे, सगळ्यांच्या समोर. ट्रंकेत काय काय आहे त्याची यादी झाकणाला आतून चिकटव: चार नऊवारी, दोन फेटे, ती फुटकी कंदिलाची काच, सगळं. तो पहिल्याच आठवड्यात किल्ली हरवेल, हरवतातच. म्हणून एक जादा करून आईपाशी ठेव.